बाटलीतले कोकम फसफसू नये म्हणून



मे महिना संपत आला की कोकणात एकच धांदल उडते. आंबा उतरवायचा असतो, भाताचे तरवे करायचे असतात, लाकूडफाटा पडवीत घ्यायचा असतो, आणि नेमके त्याच वेळी रातांबे पिकून झाडाखाली पडू लागतात. एक जोराचा पाऊस झाला की पिकलेले फळ दोन दिवसांत सडते. सोले वाळवावीत तर ऊन नाही. अशा वेळी फळातला रस साखरेत उतरवून त्याचे सरबत बाटलीत भरून ठेवणे हा चांगला मार्ग आहे. याला ऊन फारसे लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही, आणि माल वर्षभर विकता येतो.

पण हे सरबत पहिल्यांदाच करणाऱ्या बऱ्याच भगिनींची एक तक्रार असते. बाटल्या भरल्या तेव्हा सरबत उत्तम होते, पंधरा दिवसांनी झाकण उघडले तर फस्सकन फेस वर आला. कुणाच्या बाटलीचे बूच आपोआप उडाले. एका वाडीतल्या बचत गटाने दुकानात ठेवलेल्या खोक्यातल्या तीन बाटल्या रात्रीतून फुटल्या. सुदैवाने रात्र होती, जवळ कुणी नव्हते. फुटलेल्या बाटलीची काच गोळीसारखी उडते, डोळा जाऊ शकतो. दुकानदाराने त्या गटाचा उरलेला माल परत केला, तो वेगळाच तोटा. तेव्हा आजच्या भाषणात सरबताच्या चवीपेक्षा बाटलीबद्दलच जास्त बोलणार आहे.

हा फेस कशामुळे येतो ते आधी पाहू. पिकलेल्या प्रत्येक फळाच्या सालीवर, आपल्या हातावर, फडक्यावर, हवेत यीस्ट नावाचे अगदी सूक्ष्म जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. साखर हे त्यांचे खाद्य. गोड रसात ते वाढू लागले की साखर खातात आणि तिचे दोन भाग करतात. एक मद्यार्क आणि दुसरा कार्बन डाय-ऑक्साइड वायू. एक ग्रॅम साखर आंबली तर जवळजवळ अर्धा ग्रॅम वायू निघतो. उघड्या भांड्यात तो उडून जातो. बूच मारलेल्या बाटलीत जाणार कुठे? तो रसात मुरतो आणि दाब वाढवत राहतो.

परदेशात काही शेतकरी हाच वायू मुद्दाम बाटलीत धरतात. इंग्लंडातल्या हेरफोर्डशायर आणि सॉमरसेट भागात, तसेच फ्रान्सच्या नॉर्मंडीत, सफरचंदाचा रस आंबवून सायडर नावाचे पेय करतात. घरगुती बिअरलाही फेस असाच आणतात. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. रस आधी मोठ्या भांड्यात काही आठवडे आंबू देतात. त्यातली साखर संपली की नाही हे हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या नळीने पुन्हा पुन्हा तपासतात. काटा काही दिवस एकाच जागी राहिला तरच रस बाटलीत भरतात, आणि तेव्हा दर लिटरला साधारण ६ ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा चमचा, साखर मोजून घालतात. दोन-तीन आठवड्यांत तेवढी साखर आंबते आणि बाटलीत मोटारीच्या चाकातल्या हवेच्या आसपासचा दाब तयार होतो. त्यासाठी बाटल्याही जाड काचेच्या लागतात. एवढी काळजी घेऊनही, रस पुरता आंबण्याआधी कुणी घाईने बाटली भरली तर ती फुटते.

आता आपला हिशोब करा. त्यांना सव्वा चमचा साखर पुरते. आपल्या पातळ स्क्वॅशच्या एका लिटरात साडेचारशे ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सत्तर पटींहून अधिक. बाटली आपली पातळ काचेची. तिच्यात यीस्ट जिवंत राहिले आणि त्याला वाढायला वाव मिळाला, तर पुढे काय होणार हे सांगायला नको. शिवाय आंबलेल्या रसात मद्यार्क असतो. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य करणे आणि विकणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

यीस्टला अडवायचे सोपे साधन म्हणजे पुरेशी साखर. ऐकायला उलटे वाटेल, कारण साखर हेच त्याचे खाद्य असे मी आताच म्हटले. पण साखर फार झाली की ती यीस्टच्या शरीरातले पाणी ओढून घेते. मुरांब्याचा पाक दाट असला तर तो टिकतो आणि पातळ झाला तर आंबतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पाकात साखर ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक यीस्ट वाढू शकत नाही. ४० ते ५० टक्के असेल तर ते मजेत वाढते.

म्हणून कोकणातली शिफारस अशी आहे, की एक किलो कोकमाच्या सालीला दोन किलो साखर घ्यावी. इथेच बायका हात आखडता घेतात. साखर महाग, एक किलोला एक किलो पुरेल असे वाटते. पुरत नाही. एक किलो ताज्या सालीत आठशे ग्रॅमहून जास्त पाणी असते, साडेआठशे धरू. त्यात एक किलो साखर घातली तर पाकात साखर जेमतेम ५४ टक्के होते. दीड किलो घातली तर ६४, म्हणजे अगदी काठावर. दोन किलो घातली तर ७० टक्के. एक किलो साखर वाचवायला जावे आणि सगळे सरबत ओतून द्यावे लागावे, असा हा व्यवहार आहे.

फळ पूर्ण पिकलेले, लालभडक किंवा जांभळट, न फुटलेले घ्यावे. कालचे पडलेले, चिखल लागलेले, डाग पडलेले फळ सरबताला घेऊ नये. त्याच्यावर यीस्ट आणि बुरशी आधीच वाढू लागलेली असते. नवी लागवड करणाऱ्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात ध्यानात ठेवावी. तिची बरीच फळे पावसाआधी हाती येतात. फळे स्वच्छ पाण्याने धुवावीत आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावीत. सालीला राहिलेले पाणी पाकात उतरते आणि साखर पातळ करते. मग फळाचे दोन भाग करून गर आणि बिया काढाव्यात. बिया टाकू नका, धुऊन वाळवा. मुठेल काढता येते, आणि हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखे औषध नाही.

साल आणि साखर चिनी मातीच्या बरणीत, काचेच्या भांड्यात, स्टीलच्या डब्यात किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या पिंपात थरावर थर द्यावी. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबे, पितळ यांचे भांडे नको. कोकमाचे आम्ल धातू खाते, आणि तो आपल्या पोटात जातो. सर्वांत वरचा थर साखरेचाच असावा. बरणीच्या तोंडाला कोरडे फडके बांधावे. रोज सकाळ-संध्याकाळ कोरड्या लाकडी पळीने तळापासून हलवावे. पहिले दोन-तीन दिवस विशेष सांभाळायचे. त्या वेळी साखर तळाशी बसलेली असते आणि वर रस पातळ असतो. वर तरंगणारी साल रसाबाहेर उघडी राहिली तर आंबणे तिथूनच सुरू होते. म्हणून साल खाली दाबून रसात बुडवावी. सात दिवसांत साखर विरघळते, साल आक्रसते आणि रंग पुरता उतरतो. तळाशी साखर उरली असेल तर भांडे गरम पाण्यात ठेवून ती विरघळवावी, उकळी मात्र आणू नये. उकळल्याने तो सुंदर लाल रंग तपकिरी होतो.

आता साखर खरोखर पुरेशी झाली का, हे कसे ओळखायचे? कारखान्यात त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर असतो. आपल्याकडे तराजू आहे ना, तो पुरे. एक कोरडी बाटली घ्या आणि ती रिकामी तोला. तिच्यात पाणी भरत जा आणि पाण्याचे वजन बरोबर ५०० ग्रॅम झाले की तिथे खूण करा. मग पाणी ओतून बाटली पूर्ण वाळवा आणि त्याच खुणेपर्यंत गार झालेले, गाळलेले सरबत भरा. बाटलीचे वजन वजा करून सरबत ६६० ग्रॅम किंवा जास्त भरले, तर साखर ६५ टक्क्यांवर आहे. ६७५ भरले तर ७० टक्के आहे, निर्धास्त राहा. ६४५ च्या आसपास भरले तर साखर साठ टक्केच आहे. अशा वेळी दर किलो सरबतात आणखी पाव किलो साखर विरघळवावी आणि गार झाल्यावर पुन्हा तोलावे. सरबत गरम असताना तोलू नये, वजन कमी दिसते. माझ्या मते पहिल्यांदा सरबत करणाऱ्याने दुसरे काही विसरले तरी चालेल, ही तोलण्याची रीत विसरू नये.

साखर भरपूर असली तरी काही चिवट यीस्ट तग धरतात. त्यांच्यासाठी सोडियम बेंझोएट घालतात. ते आंबट पदार्थातच चांगले काम करते, आणि कोकम आंबट आहेच. प्रमाण दर किलो सरबताला ०.६ ग्रॅम, म्हणजे १० किलोला ६ ग्रॅम. चिमटीने घालायची वस्तू ही नव्हे. सोनाराच्या काट्यावर सहा-सहा ग्रॅमच्या पुड्या बांधून आणाव्यात. खाद्यपदार्थांसाठीचे, शिक्क्याच्या पाकिटातले बेंझोएटच घ्यावे. पूड थेट सरबतात टाकली तर गुठळ्या होतात. ती आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवावी आणि मग सरबतात ढवळत ओतावी. जास्त घातले तर जास्त टिकेल असा समज चुकीचा आहे. चव बिघडते आणि कायद्याची मर्यादाही मोडते. दुकानदार कधी कधी त्याऐवजी केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाईट देतो. ते लिंबाला चालते, पण कोकमाचा रंग फिका पाडते.

तयार सरबत स्वच्छ मलमलीतून गाळून एक दिवस झाकून ठेवावे, गाळ तळाशी बसतो. वरचे नितळ सरबत भांडे न हलवता रबरी नळीने काढावे. नळीला तोंड लावून ओढू नका, तोंडातले जंतू त्यात जातात. नळी उकळून घ्यावी, ती आधी थोड्या सरबताने भरून, एक टोक दाबून धरून खालच्या भांड्यात सोडावी. प्रवाह आपोआप सुरू होतो.

आता बाटली. तिच्याबद्दल एक गोष्ट मी दोनदा सांगणार आहे. कीटकनाशकाची, तणनाशकाची, रॉकेलची किंवा ॲसिडची बाटली कितीही धुतली तरी सरबताला वापरू नये. कितीही धुतली तरी नाही. आणि याच्या उलट, सरबताच्या रिकाम्या बाटलीत फवारणीचे औषध कधी भरून ठेवू नये. लाल रंग दिसला की पोर तोंडाला लावते. भंगारवाल्याकडून बाटल्या घेतल्या तर एकेक उन्हात धरून पाहावी, वास घ्यावा. तोंडाला टवका गेलेली, आत चीर असलेली, वास येणारी बाटली बाजूला काढावी. शक्य असेल तर नव्याच घ्याव्यात.

बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून लांब ब्रशाने घासाव्यात आणि तीन-चार वेळा साध्या पाण्याने खळबळून घ्याव्यात. मग मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून, त्यावर बाटल्या ठेवून, त्या बुडतील इतके गार पाणी भरावे आणि हळूहळू तापवावे. उकळी फुटल्यापासून अर्धा तास उकळू द्यावे. उकळत्या पाण्यात गार बाटली सोडली तर ती तडकते, म्हणून सुरुवात गार पाण्यानेच करावी. झाकणेही दहा मिनिटे उकळावीत. बाटल्या स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवून आतून पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात. आत राहिलेले पाण्याचे चार थेंबही नुकसान करतात. सरबत कोमट असताना झाकण लावले तर वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब पुन्हा सरबतावर पडतात आणि वरचा पातळ थर आंबू लागतो किंवा त्यावर बुरशी येते. खाली साखर सत्तर टक्के आणि वर पन्नास, असा तो प्रकार. म्हणून सरबत पूर्ण गार करूनच भरावे. वर दोन बोटे जागा सोडावी, बाटलीचे तोंड कोरड्या फडक्याने पुसावे आणि झाकण घट्ट लावावे. झाकण आत अस्तर असलेले आणि नवे असावे.

प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख आणि घाण्याचा क्रमांक लिहावा. एका बरणीतून निघालेला माल तो एक घाणा. पुढे एक बाटली बिघडली तर त्या घाण्याच्या बाकीच्या कुठे गेल्या हे कळले पाहिजे.

भरल्या भरल्या माल दुकानात पाठवू नका. तीन आठवडे घरीच, सावलीत, थंड जागी उभा ठेवावा. पत्र्याखालचा माळा त्यासाठी योग्य नाही. प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या पहारेकरी म्हणून चुलीजवळच्या उबदार कोपऱ्यात झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवाव्यात. उबेत यीस्ट लवकर वाढते, त्यामुळे दोष असला तर तो याच दोन बाटल्यांत आधी दिसतो. तळातून बुडबुड्यांची माळ वर येते का, झाकण फुगते का, वर फेसाचे कडे धरते का, हे रोज पाहावे. पेटी उघडताना तोंड पुढे करू नये. तीन आठवडे दोन्ही बाटल्या शांत राहिल्या तर माल विकायला काढावा.

आणि एखादी बाटली फसफसलेली दिसलीच तर? हलवू नका, उन्हात नेऊ नका, पोरांना दूर करा. तिच्यावर ओले गोणपाट टाका. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड फडके घ्या, आणि गोणपाटाखालूनच झाकण अगदी सावकाश, थोडे थोडे सैल करा. आधी वायू जाऊ द्या. मग त्याच घाण्याच्या सगळ्या बाटल्या याच पद्धतीने उघडा. ते सरबत पुन्हा उकळून विकणे योग्य नाही, ओतून द्यावे. मग घाण्याच्या नोंदी काढून पाहा. साखर किती घातली होती, वजन किती भरले होते, बाटल्या कोरड्या होत्या का. कारण बहुधा या तिन्हींतच सापडते.

आगळाबद्दल थोडक्यात. आगळात साखरेचे काम मीठ करते. एक किलो सालीला १५० ते १६० ग्रॅम मीठ लावून, रोज हलवून, आठवड्याने गाळावे. मीठ कमी पडले की वर पांढरी साय धरते. आगळाच्या बाटलीला पत्र्याचे झाकण नको, गंजते. प्लॅस्टिकचे असावे.

पाणी घालून तयार केलेले, बाटली फोडली की लगेच पिता येईल असे सरबत विकावे का, असे बरेच तरुण विचारतात. त्यात साखर फार कमी असते, तेव्हा साखर काही रक्षण करत नाही. ते गरम भरून, झाकण लावून, बाटल्यांसकट ठरावीक उष्णतेवर ठरावीक वेळ तापवावे लागते. साधन आणि प्रशिक्षण असल्याशिवाय त्यात पडू नये. एक-दोन हंगाम दाट सरबतावर हात बसवावा. तसेच, ही रीत कोकम, लिंबू अशा आंबट फळांसाठीच आहे. भाज्या, शहाळ्याचे पाणी किंवा दुधाचे पदार्थ अशा रीतीने बाटलीत भरू नयेत. त्यांत वेगळ्या जातीचे, फार विषारी जंतू वाढू शकतात, आणि त्यांचा फेसही दिसत नाही, वासही येत नाही.

घरच्यापुरते सरबत करायला परवाना लागत नाही. विकायचे असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती लहान उत्पादकालाही लागू आहे. लेबलावर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक आणि परिरक्षक घातल्याचा उल्लेख हवा. हे काम हंगामाआधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकून घ्यावे. मे महिन्यात बरण्या भरलेल्या असताना कागदपत्रांसाठी तालुक्याला खेपा घालणे होत नाही. पहिल्या वर्षी पाच किलो सालीचा एकच घाणा करून पाहा, आणि पहारेकरी बाटल्यांच्या नोंदी वहीत लिहून ठेवा. सरबताचे वजन कमी भरले आणि कारण कळले नाही, तर वही आणि एक बाटली घेऊन आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. येताना बाटली पिशवीत उभी ठेवा, गोणपाटात गुंडाळून.